ओलं फडकं

सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मागे भेटायला आलेल्यांची वर्दळ ऐकू येत होती. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अगं, शेडमधल्या त्या मातीवरचं फडकं वाळलंय. पाणी मारू का मी?"

मला एकदम काही बोलताच येईना. त्या तीन दिवसांत ती माती माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. एप्रिल महिना, वर पत्रा, कोल्हापुरातलं ऊन. अशा शेडमध्ये मातीचं काम उघडं राहिलं तर दिवसभरात आकसतं. आधी कानाची पाळी, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा अशा पातळ जागा पांढुरक्या पडतात. आतला लोखंडी सांगाडा काही आकसत नाही, माती मात्र आकसते, आणि मग जिथे चीर पडू नये नेमकी तिथेच पडते. म्हणून काम थांबलं की फडकं भिजवून, पिळून, चेहऱ्याभोवती हलक्या हातानं गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक. सरांकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिलं काम हेच मिळायचं. मलाही दोन महिने तेवढंच दिलं होतं.

"मारा," मी म्हटलं. "पण फडकं ओढून काढू नका, चिकटलं असेल. वरूनच भिजवा. पिचकारीनं."

"माहीत आहे मला. चाळीस वर्षं बघतीय."

फडक्याखाली काकूंचाच चेहरा होता.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी स्वतः ते कधी ठळक लिहिलं नाही. पुतळा पुरा झाला की पाठीमागे, कोटाच्या शिवणीत किंवा उपरण्याच्या घडीत, ते इतकी बारीक सही करायचे की शोधणाऱ्यालाच सापडावी. करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातलं सुताराचं घर. वडील उसाचे घाणे दुरुस्त करायचे, त्यामुळे पोराचं लहानपण गुऱ्हाळावरच गेलं. पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' पाहिली तो दिवस ते पुन्हा पुन्हा सांगत. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली, विद्यार्थिदशेत केलेलं ते शिल्प. सरांना धक्का बसला तो त्या बाईच्या नऊवारीच्या चुण्यांचा नव्हता. ते प्लास्टर आहे, याचा होता. "आमच्याकडं प्लास्टर म्हणजे मोडलेल्या हाताला लावायची गोष्ट," ते म्हणायचे. "त्यात एवढं मऊ कापड असतंय, हे मला कुठं ठाऊक?"

शिक्षण झाल्यावर मुंबईत राहायचं सोडून ते कोल्हापूरला परतले. इथे ओतकामाची परंपरा होती, उद्यमनगरातल्या भट्ट्या होत्या, आणि बाबूराव पेंटरांचं गाव होतं हे. सुतारकाम, चित्र, शिल्प, कॅमेऱ्याची यंत्रं, सिनेमाचे सेट असं सगळं एकाच माणसाच्या हाताला येऊ शकतं, हे ज्या गावानं पाहिलं आहे तिथेच आपलं जमेल, असं त्यांना वाटलं. शिवाजी चौकातून जाताना ते हटकून मान वर करायचे. गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याच्या जागी १९४५ साली बसलेला तो शिवाजी महाराजांचा पुतळा बाबूरावांचा. कितीही घाईत असले तरी स्कूटरचा वेग तिथे कमी व्हायचा.

पोट भरलं ते पुतळ्यांवर. साखर कारखान्यांचे संस्थापक, शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष, चौकाचौकातले महापुरुष. मातीचा नमुना तयार झाला की समितीची माणसं पाहायला यायची. चहा व्हायचा, आणि मग कुणी म्हणायचं नाक जरा सरळ करा, कुणी म्हणायचं छाती अजून भरदार हवी. सर वहीत लिहून घ्यायचे. एका संस्थेनं तर पुतळा उभा करून, हार घालून, फोटो काढून झाल्यावर उरलेले पैसे तीन वर्षं दिले नाहीत. सर दर महिन्याला एक साधं पत्र पाठवत राहिले. त्यांना रागावलेलं मी पाहिलं नाही, पण त्या तीन वर्षांत त्यांनी त्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं.

स्वतःचं काम ते रात्री करायचे, आणि माझ्या लेखी खरे सर त्या कामातच होते. त्यांना एकाच पदार्थात समाधान नव्हतं. गुऱ्हाळावरच्या फुटक्या काहिलीचा पत्रा, भट्टीतले खंगर, सुतळी, चपलांच्या कारखान्यातले कातड्याचे तुकडे, उसाची चिपाडं, सगळं शेडच्या एका कोपऱ्यात साठलेलं असायचं. काकू त्याला 'भंगार' म्हणायच्या, आणि भंगारवाला दारावरून ओरडत गेला की आधी त्या कोपऱ्याकडे बघून घ्यायच्या.

चिपाडांची गोष्ट सांगायलाच हवी. प्लास्टरच्या पातळ भागाला बळकटी यावी म्हणून शिल्पकार त्यात काथ्या भिजवून घालतात. सरांच्या मनात आलं, काथ्या कोकणातला. आपण तर उसाच्या मुलखातले, चिपाडाचे धागे का नकोत? त्यांनी चिपाडं कुटून धागे काढले, प्लास्टरमध्ये बुडवले, साच्यावर लावले. प्लास्टर साधारण अर्ध्या तासात घट्ट होतं, हाताला ऊब लागते. त्या दिवशी दुपार गेली, संध्याकाळ झाली, तरी ते दह्यासारखं मऊच. दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यावर मुंग्यांची रांग. चिपाडात राहिलेल्या साखरेनं प्लास्टरला जमूच दिलं नव्हतं. साखर प्लास्टरला आणि सिमेंटलाही घट्ट होऊ देत नाही, हे पुस्तकात असतं. सरांना ते मुंग्यांनी शिकवलं. पुढे ते चिपाडं तीन पाण्यांत उकळून, गच्चीवर वाळवून मगच वापरायचे. त्या उकळत्या पाण्याचा गोडसर, जळका वास आठवला की मला अजूनही ती गच्ची दिसते.

त्या चिपाडांतून झाला तो गुळव्या. काहिलीवर वाकलेला, पुरुषभर उंचीचा. धड प्लास्टर आणि चिपाडाचं, मुद्दाम खरखरीत ठेवलेलं. हात सुतळीचे, लोखंडी तारेवर गाठी मारत मारत वर चढवलेले, त्यामुळे दंडाचे स्नायू पिळल्यासारखे दिसत. पुढ्यात खऱ्या काहिलीचा गंजका तळ. चेहऱ्याला नाकडोळे जवळजवळ नव्हतेच, चुलवाणाच्या धगीपुढे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा असावा तसा भाजलेला, पुसट चेहरा. तो विकायचा विचार त्यांनी कधी केला नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विकत मागितलाही नाही. मी पाहिलेल्या कितीतरी नावाजलेल्या शिल्पांपेक्षा तो मोठा होता, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

सरांना एक रुखरुख होती. ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांच्यापर्यंत आपण कायम उशिरा पोचतो, असं ते म्हणायचे. विनायकराव करमरकर १९६७ साली गेले, सर सासवण्याला पहिल्यांदा गेले ते त्यानंतर काही वर्षांनी. मला घेऊन गेले ते खूप पुढे, एसटीनं, अलिबागमार्गे. वाटेत सगळी गोष्ट सांगितली. घरात गणपती करायची परंपरा, गावच्या देवळाच्या भिंतीवर पोरानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र, ते पाहून ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरनं त्याला मुंबईला जे. जे.त पाठवणं, मग कलकत्ता, लंडन, आणि १९२८ सालचा पुण्यातला तो ब्राँझचा अश्वारूढ पुतळा. पण सासवण्यात सर ब्राँझपाशी थांबले नाहीत. त्या घरी करमरकरांनी सिमेंटमध्ये केलेली कामं आहेत. आपण ज्याचे नळ, टाक्या आणि कठडे बांधतो तेच सिमेंट, पण त्याची कातडी अशी उतरली आहे की बोट लावायचा धीर होत नाही. अंगणात एक म्हैस आहे. सर तिच्यापाशी उकिडवे बसले, मानेखालच्या लोंबत्या कातड्याच्या घडीखाली हात घातला आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं काहीतरी तपासताहेत. थोड्या वेळानं म्हणाले, "गरीब माणसाचं ब्राँझ हाय हे. ह्यांनी त्याला गरीब राहू दिलं नाही."

शांतिनिकेतनला ते १९८२ साली गेले, तर रामकिंकर बैज दोन वर्षांपूर्वीच गेलेले. त्यांचं 'संथाल कुटुंब' तिथे उघड्यावर उभं आहे, १९३८ सालचं. लोखंडी सांगाडा, आणि त्यावर तिथल्याच तांबड्या मुरमाचे खडे मिसळलेलं सिमेंट, भिंतीला गिलावा मारावा तसं फेकून चढवलेलं. खांद्यावर कावड घेतलेला बाप्या, बाई, पोर आणि सोबत चालणारं कुत्रं. सर तिथे तीन दिवस राहिले. परतताना मूठभर मुरूम रुमालात बांधून आणला. तो शेडमध्ये काचेच्या बरणीत होता, शेवटपर्यंत.

आणि २०१५ साली दिल्ली. मृणालिनी मुखर्जींच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारीअखेर उघडलं, आणि आठवडाही झाला नाही तोच २ फेब्रुवारीला त्या गेल्या. सरांनी बातमी वाचली, मला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढायला गेले. सुतळीत काम करणाऱ्या माणसाला त्या बाई काय आहेत हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. मुंबईत जन्म, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिक्षण, आणि मग वर्षानुवर्षं रंगवलेल्या दोरखंडाला गाठी मारत माणसाहून उंच अशा यक्षी, वनदेवता उभ्या करणं. पुढे मातीची भांडी भाजतात तशी भाजलेली शिल्पं, त्यानंतर ब्राँझ. परत आल्यावर सर दोन दिवस फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुळव्याच्या उजव्या हाताच्या गाठी सोडवायला बसले. "सैल आहेत," एवढंच म्हणाले. मनगटापासून खांद्यापर्यंतचा तो हात त्यांनी पूर्ण उसवला आणि नव्यानं बांधला. चार महिने लागले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शेडमध्ये आली. आम्हाला वर पोटमाळ्यावर जे चढवता आलं ते चढवलं, पण गुळव्या हलणारा नव्हता. पाणी उतरल्यावर दार ढकललं तेव्हा आत कुजलेल्या चिपाडांचा आणि चिखलाचा वास भरला होता. चाळीस वर्षांचे प्लास्टरचे साचे पाण्यात बसून मऊ पडले होते, उचलायला गेलं की ओल्या खडूसारखे हातात यायचे. गुळव्याचं धड कमरेत मोडलं होतं. सुतळी फुगली होती, गाठी तशाच घट्ट, पण धागा सडलेला. काहिलीला काहीच झालं नव्हतं. तिचा गंज थोडा गडद झाला होता.

सर मात्र आधी हौदाकडे गेले. कोपऱ्यात मातीचा हौद होता, चार फूट लांब. पुरानं त्यावर गाळाचा बोटभर थर धरला होता. सरांनी कोपरापर्यंत हात घातला, खालून एक गोळा काढला, दाबला, नाकाशी नेला. "माती आहे," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. गाळ काढून टाकावा की काय, मी विचारलं. थोडा काढला, थोडा राहू दिला आणि तुडवून आत मिसळला.

गुळव्या त्यांनी पुन्हा केला नाही. काहील भिंतीला टांगली. पुतळ्यांची कामंही हळूहळू बंद केली. सगळीकडे फायबर आलं होतं, हलकं, स्वस्त, महिन्याभरात उभं राहणारं, आणि सरांना त्याच्या रेझिनच्या वासानं खोकला यायचा. २०२२ च्या दिवाळीनंतर एक दिवस ते काकूंना म्हणाले, जरा इथं बस.

चाळीस वर्षांत त्यांनी शेकडो माणसं केली होती, काकूंना कधी नाही. काकूंना रिकामं बसता यायचं नाही, मांडीवर मेथीची जुडी नाहीतर शेंगांचं सूप घेऊन बसायच्या. सर कॅलिपरनं कानापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घ्यायला पुढे झाले की त्या मान मागे घ्यायच्या. "थंड लागतंय ते," म्हणायच्या. मी मदतीला जात होते. तीन महिन्यांत कपाळ, गाल, दात काढल्यानंतर आत गेलेलं तोंड, मानेवरच्या शिरा, सैलसा अंबाडा, सगळं लागलं. डोळे ते नेहमीच शेवटी ठेवायचे. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी डाव्या डोळ्याची वरची पापणी लावली, हात धुतले, फडकं गुंडाळलं. रात्री छातीत दुखायला लागलं.

एप्रिल, मे, जून. काकू रोज दोनदा पाणी मारत होत्या. मी आठवड्यातून एकदा जाऊन फडकं बदलत होते. कुणी विचारलं तर आम्ही दोघीही सांगायचो, बघू, पावसाळ्यानंतर बघू. खरं म्हणजे ती माती ओली होती तोवर काम चालू होतं. काम चालू असलं की माणूस चहाला आत गेलेला असतो.

पाऊस लागल्यावर एकदा मी फडकं काढलं आणि खिडकीजवळ वळवून चेहरा नीट पाहिला. कपाळावर सरांच्या अंगठ्याचे जे लहान लहान सपाट ठसे होते, ज्यांनी ते कपाळ झालं होतं, ते दिसेनात. गाल गुळगुळीत झाला होता. रोजच्या पाण्यानं आणि कापडाच्या घासण्यानं वरची माती थेंबाथेंबानं उतरत होती. हनुवटीही लोंबली होती, दोऱ्याइतकीच, पण माझ्या लक्षात आलं. पाणी नाही मारलं तर चिरणार होतं. मारलं म्हणून पुसलं जात होतं. आम्ही दोघी मिळून तीन महिने सरांचा हात धुऊन काढत होतो.

काकूंना कसं सांगावं ते कळेना. शेवटी त्यांनाच खिडकीपाशी बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग म्हणाल्या, "ओतून टाक."

"डोळे..."

"डोळे तू करू नकोस." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "त्यांनी जेवढं केलं तेवढं ओत."

कशात ओतायचं, हे मी विचारलं नाही. काकूंनीही सासवण्याची ती म्हैस पाहिलेली होती.

साच्यासाठी कानांमागून, डोक्यावरून पत्र्याच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे साचा पुढे आणि मागे असा दोन भागांत उघडतो. पहिल्या थराच्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. पाण्यात प्लास्टर मुठीनं भुरभुरायचं, पाण्याच्या वर त्याची बेटं दिसायला लागली की थांबायचं, मग खालून हात फिरवायचा, बुडबुडा येऊ न देता. ते निळं प्लास्टर बोटांनी उडवत चेहऱ्यावर मारलं. त्यावर काथ्या घालून पांढरा जाड थर. निळीचं काम पुढे असतं: आत सिमेंट भरून ते पक्कं झालं की साचा छिन्नीनं फोडायचा असतो, आणि पांढरं संपून निळं दिसलं की समजायचं, चेहरा जवळ आला, हात हलका करा.

साचा उघडला आणि आतली माती उकरायला घेतली. हे मी कितीतरी वेळा केलं आहे. नाक, गाल, ओठ आतून, उलट्या बाजूनं, लूपनं खरवडून बादलीत टाकायचे. त्या दिवशी पहिला घास काढायला मला वेळ लागला. सांगाड्याला तारेनं बांधलेलं लाकडाचं फुलीचं फुलपाखरू निघालं, सरांनी बांधलेली गाठ तशीच. मातीत जुन्या प्लास्टरच्या कणी होत्या, आणि पुराच्या गाळाची एक काळसर रेघ. मग साबणाचं पाणी लावून, आत सिमेंट आणि वाळूचा गिलावा थरथरानं दाबत गेले, मानेत गज घातला, दोन्ही भाग तारेनं आवळून बांधले.

"आता झालं?" काकूंनी विचारलं.

"आता आठ दिवस पाणी मारायचं. सिमेंट पाण्यावरच पक्कं होतं." मी कोनाड्यातलं फडकं भिजवून साच्याभोवती गुंडाळलं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू आलं. सर गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी फोडायला बसले. पांढरं उडत गेलं, निळं लागलं, निळं सोललं आणि आधी अंबाडा बाहेर आला, मग कपाळ. राखाडी, थंड, थोडं ओलसर. उजव्या कानाच्या मागे, जिथे फडकं कधी नीट बसलं नव्हतं आणि पिचकारीही पोचली नव्हती, तिथे अंगठ्याचे चार ठसे ओळीनं उमटले होते, रेघांसकट. तिथून पुढे सगळं गुळगुळीत. उजवा डोळा नुसता गोल, डाव्यावर ती एक पापणी.

काकूंनी फार वेळ पाहिलं नाही. पदरानं कपाळावरची धूळ पुसली, सिमेंटच्या आणि मग स्वतःच्या. "आणि त्यातली माती कुठं गेली?"

"हौदात टाकली."

"सगळी?"

"सगळी. सर तसंच करायचे. आजवरचे सगळे पुतळे त्याच मातीतले आहेत."

त्या उठून हौदापाशी गेल्या. वरचं पोतं उचललं, बोटानं माती दाबून पाहिली. आत जाऊन तांब्या भरून आणला, कडेकडेनं ओतला, पोतं पुन्हा पसरलं आणि चारी कोपरे हातानं दाबून नीट बसवले.